तीनदा घंटा, विहिरीचा धडा

मारुतीच्या पारावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. सुलतानपूरहून बैलगाड्या आल्या होत्या, लोणारच्या एसटीनं दोन फेऱ्यांत माणसं ओतली होती, आणि उरलेले लिंबावर चढले होते. मधोमध शारदानंद बाबा. त्यांच्यापुढे मोतीरामची कोकिळा, नऊ वर्षांची, घट्ट वेण्या, जिभेवर मधात उगाळलेलं वेखंड.

"विद्या टाळूत झोपलेली असते, भक्तहो! मास्तर छडीनं उठवतो, तर ती कूस बदलते. आम्ही बोटभर मध लावतो, अन् ती उठून बसते. काढा, कोणतंही पान काढा!"

कडूबानं पुस्तक उघडलं. त्याला अक्षरओळख नव्हती, म्हणून तोच साक्षीदार. बाबांनी पान पाहिलं, डोळे मिटले, देवीला जाग यावी म्हणून एकदा घंटा वाजवली. कोकिळेनं पुस्तक हातात धरलं आणि घडाघडा सुरू झाली. "गाय चारा खाते. गाय दूध देते. गाईला वासरू आहे."

बायांनी पदर डोळ्यांना लावले. मोतीराम तर हात जोडून उभा राहिला. तीन वर्षं शाळेत घालून पोरीला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं. संक्रांतीपर्यंत वाचली तर शाळा, नाही तर वावरात निंदायला, असं त्यानं गावापुढे सांगितलं होतं. आता गावापुढेच ती वाचत होती.

मी मागे, भांड्यांच्या ढिगापाशी होते. पंगतीसाठी घरोघरची भांडी आली होती. आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय कोणी ते उसनं देत नाही. मी शिकले ती याच नावांवर. लग्न होऊन आले तेव्हा राखेनं भांडी घासताना मला माहीत असायचं, हे ताट मामाचं, ही परात आत्याची. कुणाचं ते ठाऊक होतं, मग वर काय लिहिलंय ते हळूहळू कळत गेलं. वर्ष गेलं त्यात, पण पाचर मारल्यासारखं पक्कं बसलं.

कोकिळेलाही मी तसंच शिकवत होते. माझ्या लोट्यावर मोठ्या अक्षरात 'मनकर्णाबाई' आहे. त्यातला क तिच्याही नावात. दोन महिन्यांत चार अक्षरं झाली होती. चार! मोतीराम म्हणाला, "मनकर्णाबाई, तुमच्या भांड्यावर शिकता शिकता तर पोरीचं लगन होऊन जाईन, पण बुक काई वाचून होनार नाई." आणि पोरगी पंधरा दिवस बाबांच्या सेवेला जानेफळला ठेवून आला.

तिकडे दोनदा घंटा झाली, शेतकऱ्याचा धडा झाला. तीनदा झाली, विहिरीचा झाला. मी पाहत होते तिच्या डोळ्यांकडे. वाचणाऱ्याचे डोळे ओळीवरून सरकतात, अडतात, मागे येतात. ही पोर एकाच जागी पाहत होती. बाबांच्या हाताकडे.

मी लोटा घेऊन पुढे गेले.

"कोकिळे, हे वाच बरं."

तिनं लोट्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. मग खाली.

"पितळेत विद्या नसते, माई!" बाबा हसले. "भांडं उष्टं. देवी उष्ट्यावर बसत नाही."

माणसं हसली. शेजारची वच्छलाबाई तर मोठ्यानं म्हणाली, "बसा न वो बाई खाली! देवीनं दोन महिन्याचं काम पंधरा दिवसात केलं, तुमाले काऊन पोटदुखी?"

"हाव, बसतो न," मी म्हटलं. "बाबा, बुकच वाचू द्या. फक्त घंटा मी वाजवतो. घरी रोज आरतीले मीच वाजवतो, माह्यावर देवी काई रुसत नाई."

बाबांचा हात घंटेकडे निघाला, पण माझा आधी पोचला. कडूबानं पान काढलं. मी पान पाहिलं आणि तीनदा वाजवली.

कोकिळेनं उघडं पुस्तक पुढे धरलं, डोळे मिटले, आणि सुरू झाली. "विहीर खोल आहे. विहिरीचे पाणी गार आहे..."

कडूबा पुस्तकात वाकून पाहत होता. "अबे," तो हळूच म्हणाला, आणि मग मोठ्यानं, "इथं तं गाय हाये! बापा, शिंगंवाली गाय! विहीर कुठी हाये?"

पुस्तक हातोहात फिरलं. गाय ओळखायला शाळा लागत नाही. भगवंतराव पाटलांनी पुस्तक उलटंपालटं केलं, तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. बाकीची सगळी पानं लाल दोऱ्यानं शिवलेली होती; ती 'सोवळ्यातली', उघडायची नाहीत, असं बाबांनी कडूबाला सांगून ठेवलं होतं. उघडत होते ते तीनच धडे. एक घंटा गाय, दोन शेतकरी, तीन विहीर. पंधरा दिवस सेवा म्हणून पोरीकडून एवढंच घोकून घेतलेलं. एवढाच चमत्कार.

आता ती कबूल करील, असं मला वाटलं. ती मात्र माझ्यावरच रडवेली होऊन चिडली.

"काकू, तुमीच तीनदा वाजवली न! तीनदा वाजवली का विहीरच असते. शाळेत बी तसंच असते. डिप्टीसाहेब तपासनीले आले का गुरुजी टेबलावर छडी मारतात. एकदा मारली का पहिला धडा, दोनदा मारली का दुसरा. वाचनं म्हंजे तेच न?"

सगळ्यांनी वामनराव गुरुजींकडे पाहिलं. ते देवळाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, आणि पुसतच राहिले.

सगळे गुरुजींकडे पाहत असताना बाबा कधी उठून गेले ते कोणी पाहिलं नाही. चार दिवसांनी कळलं, मेहकरकडच्या एका गावात ते कुणाची टाळू उघडत होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले.

"बाई, तुमी माही अब्रू घेतली," गुरुजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. "चार वर्ग, सत्तर पोरं, मी एकटा. एकेका पोराजवळ बसून अक्षर दाखवाले टाइम कुठून आनू? साहेब येतात, एक धडा ऐकतात, शेरा मारतात. मले मास्तरानं असंच शिकवलं. त्याले त्याच्या मास्तरानं. छडी वाजते, शाळा चालते."

"मंग पोरं वाचतात कधी?"

"काई पोरं वाचतात," ते म्हणाले. "आपोआप."

आपोआप! बाबा तरी देवीचं नाव घेत होते.

मोतीरामकडेही गेले. तो शांतपणे म्हणाला, "बाबाचं खोटं, गुरुजीचं बी खोटं. मंग शाळेत धाडू कायले?" यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं, चार अक्षरांचं, आणि ते त्याला पुरलं नाही. कोकिळा संक्रांतीच्या आधीच निंदायला गेली. जाताना मी तिला लोटा दिला. बांधावर पाणी पिताना अक्षरांवर बोट फिरव म्हटलं. तिनं मान हलवली.

बाबाला पकडणं सोपं होतं, बायांनो. लाल दोरा सापडतो. पण जे रोज दहा ते पाच चालतं, ज्यावर साहेबाची सही असते, त्याचा दोरा कोण पाहणार? तुमचं लेकरू घडाघडा म्हणू लागलं की हात जोडू नका. त्यानं कधी न पाहिलेलं काहीतरी त्याच्यापुढे ठेवा. एसटीची पाटी, बियाण्याची पिशवी, शेजारणीचं भांडं. अडखळलं तर मारू नका. अडखळतं तेव्हाच ते वाचत असतं. चार अक्षरांना दोन महिने लागतात. लागू द्या.

हे मी गावात पुष्कळांना सांगितलं. ऐकतात. पुढच्या तपासणीत शाळेला 'उत्तम' शेरा मिळाला.

लोटा होळीच्या सुमारास परत आला. मोतीरामच्या बायकोनं, रुख्मिणीनं, ओट्यावर आणून ठेवला. "तुमचाच हाये न बाई? पोरगी वावरातच इसरून आली होती."

मला क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, "नाव वाचलं का कोकिळेनं?"

"नाई वो," ती म्हणाली. "बुडाले पोचा हाये न, त्याच्यावरून वळखला."