चौरीमागची ओल

केवलरामनं मोठ्या हौसेनं न्हाणीत शॉवर बसवला, आणि त्याच्या बायकोनं, धुरपताबाईनं, तो कधी अंगावर घेतला नाही. "डोक्यावर चाळनी धरून आंग धुते का कोनी?" असं म्हणून ती बादली-तांब्यावरच राहिली. पुढं केवलराम गेला, शॉवर राहिला. तिरोड्याजवळच्या त्या जुन्या घरात आता तो फक्त मुलाच्या, हेमेंद्रच्या कामाचा होता. दिवाळी झाली आणि शॉवर गळायला लागला. बंद केला तरी टपटप. चालू केला की कॉकच्या दांडीजवळून वेगळंच पाणी सुटायचं आणि भिंतीत जिरायचं.

नुसता गळला असता तर बाईनं खाली बादली ठेवून विषय संपवला असता. पण न्हाणीच्या त्याच भिंतीपलीकडे देवघर होतं, आणि भिंतीला टेकून चौरी. चौरी म्हणजे त्या पोवारांच्या घरातला कुळदेवाचा मातीचा ओटा. एकदा मांडला तो मांडला. त्याला धक्का लागला तर कुळातली सगळी घरं गोळा करून नव्यानं मांडायचा. इकडे हेमेंद्रचं लग्न तोंडावर आलेलं. नवी सून रश्मी उंबरठा ओलांडून आली की पहिलं डोकं चौरीपुढेच टेकणार. त्या चौरीमागं परातीएवढा ओला डाग दिसला तेव्हा धुरपताबाईनं त्याच दिवशी प्लंबर बोलवायला लावला.

गोंदियाहून गुलशन प्लंबर आला. टाकीचा वॉल्व्ह बंद करून त्यानं पान्यानं कॉक खोलला. आतला वायसर बोरच्या खाऱ्या पाण्यानं खाऊन टाकलेला, दांडीभोवतीच्या पॅकिंगचा तर नुसता भुगा.

"काकी, माल पुराना आहे, पण असली पितळ आहे," तो म्हणाला. "टेन्शन मत लो."

वायसर नवा, पॅकिंग नवं, वरून टेप गुंडाळून कॉक आवळला. टपटप थांबली, दांडी कोरडी झाली. आठवडाभरात भिंत सुकेल असं सांगून गुलशन गेला.

कुठची सुकते! देवघराला खिडकी नाही, दिवस थंडीचे. देवाची भिंत अशी डागाळलेली बाईला बघवेना. रोज सकाळी ती छुईची पांढरी माती पातळ कालवायची आणि कपड्याचा बोळा भिजवून डागावरून फिरवायची. देवाची माफीही मागायची. संध्याकाळी दिवा लावायला जावं तर ओल आपली जागच्या जागी, उलट थोडी पसरलेलीच. बाईचं जेवणावरचं मन उडालं.

गुलशनला पुन्हा बोलावलं. परक्या माणसाला देवघरात पाय ठेवता येत नाही, म्हणून त्यानं दारातूनच मान लांब करून पाहिलं.

"कॉक तर एकदम सूखा आहे," तो डोकं खाजवत म्हणाला. "मतलब अंदरचा पाइप सडला. दीवार तोडनी पडेगी, काकी."

"माह्या चौरीच्या पाठीत हातोडा मारतं का रे?"

"इकडून न्हाणीतून मारतो ना."

पण भिंत जुनी, मातीत बांधलेल्या विटांची. इकडून ठोकलं की तिकडून पडणार हे कोणालाही कळत होतं. बाईनं मोठ्या दिराला, उदारामला विचारलं. दिवस धानाच्या मळणीचे; त्यांनी एका वाक्यात निकाल दिला. "चौरीले चीर जरी गेली तरी कुळ जमल्याशिवाय लगन नाही, अन् धानाची चुरणी सोडून आता कोन येते?"

झालं! तिकडं नागऱ्याला, रश्मीच्या घरी, पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्यांना काय तोंड दाखवायचं? हेमेंद्रचा चेहरा एवढासा झाला. शेवटी ठरलं की गुलशननं न्हाणीतून, जिथं जास्त ओल आहे तिथंच, हलक्या हातानं लहानसं भोक पाडून पाहायचं. पुढं देवाची मर्जी.

गुलशन 'उद्या येतो' म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी उगवला. तोवर बाईनं देवघरात दिवा लावण्यापलीकडं काही केलं नव्हतं. छुईचं घमेलं कोपऱ्यात तसंच पडून होतं. फुटायचीच भिंत, तर सारवा कशाला? भिंतीकडं बघायचा तिला धीरच होत नव्हता.

न्हाणीतून गुलशनचा आवाज आला. "काकी, हात लावून सांगा, सबसे जादा ओल कुठं आहे? तिथंच छन्नी मारतो."

बाईनं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि चौरीमागं हात टेकवला. मग जरा डावीकडं. मग उजवीकडं. मग डोळे उघडून तळहात पाहिला. नुसती पांढरी भुकटी.

"थांब रे!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की हेमेंद्र धावत आला. "ठोकू नोको! भीत सुकली!"

हेमेंद्रनं भिंत चाचपली. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या घमेल्यावर गेली. छुई वाळून तिला भेगा पडल्या होत्या.

"माय, तू हे रोज लावत होतीस?"

"मंग? पाव्हन्याइले डाग दाखवू का?"

"अवं, रोज सकाळी तूच ओली करत होतीस अन् रोज संध्याकाळी सुकत काऊन नाही म्हनून रडत होतीस!"

भिंतीपलीकडं गुलशन खो खो हसायला लागला. "हासू नोको बे!" बाई तिकडं तोंड करून खेकसली, पण तिला स्वतःलाच हसू फुटलं. ती चौरीपुढं मट्टकन बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझं उतरलं होतं. डोकं टेकून ती देवाला म्हणाली, "तू तरी सांगाचं होतं ना बापा!"

गुलशननं छन्नी पिशवीत टाकली. "तरी एक बार शॉवर चांगला चालवून पाहा, काकी. पाइप पण पक्का आहे का, समजेल."

हेमेंद्र उठला. बाईनं त्याला खाली बसवलं. "तू हात लावून राय भितीले. मले पाहू दे."

गुलशनला अंगणात पिटाळून तिनं टॉवेल घेतला आणि न्हाणीचं दार लावलं. कॉक फिरवला. टाकीतलं उन्हानं कोमट झालेलं पाणी डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर पडलं. ती दचकली, मग हळूहळू सैल झाली. पंधरा-वीस वर्षं केवलराम सांगत होता, एकदा घेऊन तर पाहा.

"सुकी हाये का रे?" तिनं आतून हाक मारली.

"सुकीच हाये, माय!"

पाणी चालूच राहिलं. बऱ्याच वेळानं पुन्हा विचारलं. "आता?"

"कोरडी ठन्न हाये! निघ ना आता, टाकी खाली होईन!"

"होऊ दे," ती म्हणाली. "तुह्या बापानं माह्यासाठीच बसवला होता हा."