शुभदाबाईंच्या कॉलेजचा पहिला आठवडा

मित्रांनो, मी एक लॅपटॉप आहे आणि वयाने तुमच्यापैकी बऱ्याच जणांपेक्षा मोठा आहे. माझ्या झाकणावर ओरखडे आहेत, चार-पाच बटणांवरची अक्षरं पुसली गेली आहेत आणि वायर काढली तर मी जेमतेम वीस मिनिटं तग धरतो. तरी एका बाईंच्या आयुष्यातला एक अवघड आठवडा मी अगदी जवळून पाहिला. तो तुम्हाला सांगावा असं फार दिवस मनात होतं.

मी नेमका कुठे जन्मलो ते मला सांगता येत नाही. माझे भाग वेगवेगळ्या देशांतून आले आणि कुठेतरी समुद्रापलीकडे जोडले गेले. मला पहिली जाग आली ती चाकणच्या एका कंपनीत. तिथे गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तयार होत. तपासणी विभागात शेखर नावाचे एक गृहस्थ होते. ते प्रत्येक भागाचं माप घेत आणि माझ्यात नोंदवत. दर सोमवारी कामाला लागण्याआधी स्वतःच्या रुमालाने ते माझा पडदा पुसत आणि म्हणत, "चल भावा." एकदा परदेशातून पाहुणे तपासणीला आले. त्यांनी तीन वर्षांपूर्वीचं एक माप मागितलं आणि मी ते क्षणात दाखवलं. "रेकॉर्ड चोख आहे," असं मोठे साहेब म्हणाले. ती शाबासकी शेखर यांची होती, पण मी ती आपलीच समजून जपून ठेवली.

सात वर्षांनी नवे, पातळ लॅपटॉप आले. आम्हा जुन्यांना स्वच्छ पुसून आसपासच्या शाळांना भेट देण्यात आलं. चाकणहून राजगुरुनगरकडे जाताना एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. मी तिथे आलो. माझ्यापुढे नारळ फुटला, मला हळदकुंकू लागलं, सगळ्यांचा फोटो निघाला. मुलं दाटीवाटीने मला पाहत होती. मला वाटलं, आता खरं काम सुरू होणार.

पण मुख्याध्यापक अर्जुनराव यांना माझी भीती वाटत होती. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी माझी जडवस्तूंच्या नोंदवहीत नोंद केली आणि मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. "मुलांच्या हातात दिला आणि बिघडला, तर वर काय उत्तर देऊ?" असं ते म्हणत. ते वाईट नव्हते. जे समजत नाही ते कपाटात सुरक्षित राहतं, एवढंच त्यांना वाटे. नकाशांच्या गुंडाळ्या आणि गॅदरिंगचे फेटे यांच्या शेजारी मी दोन वर्षं पडून राहिलो. कपाट कार्यालयात होतं आणि कार्यालय नि सहावीचा वर्ग यांच्यामध्ये फक्त लाकडी फळ्यांची भिंत होती. त्यामुळे पाहायला काही नसलं, तरी ऐकायला पुष्कळ मिळे.

सहावीला शुभदाबाई होत्या. त्या मूळच्या लातूरकडच्या. यजमान समाधान चाकणच्या एका कंपनीत कामाला, म्हणून दोघं मोशीला भाड्याने राहत. वर्गातली निम्मी मुलं अशाच घरांमधली होती. नांदेड, हिंगोली, वाशीम अशा ठिकाणांहून आईवडील कामासाठी आले आणि मुलं या शाळेत बसली. बाई मन लावून शिकवत. पण इंग्रजीचा तास आला की त्यांचा आवाज बदले. तो थोडा घाईचा आणि कडक होई.

दिव्या नावाची एक मुलगी दोन महिन्यांपूर्वी हिंगोलीहून आली होती. रोज मला भिंतीपलीकडून ऐकू येई, "दिव्या, एक वाक्य बोल." मग शांतता. "एक शब्द तरी?" पुन्हा शांतता. "बरं, मग उभीच राहा."

ऑगस्टमध्ये पालकसभा झाली. एक पालक उभे राहिले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "बाई, तुमच्या कष्टाबद्दल तक्रार नाही. पण पोरांना इंग्रजीत एक वाक्य बोलता येत नाही. मी माझ्या दोघांनाही इंग्लिश मीडियमला घालतोय, बसने जातील."  सभा संपल्यावर बराच वेळ बाई कार्यालयात बसून होत्या.

आठवड्याभराने त्या गुरुजींसमोर उभ्या राहिल्या.

"गुरुजी, मला कपाटातला लॅपटॉप हवा होता. एका कॉलेजचा ऑनलाइन कोर्स आहे. ज्यांच्या घरी इंग्रजी नाही अशा मुलांना इंग्रजी कसं शिकवायचं, त्याचा. मी नाव घातलंय."

"फोनवर होत नाही का ते?"

"पान अर्धंच दिसतं. खालची बटणं फोनवर येतच नाहीत."

"घरी नेणार?"

"नाही. शाळा सुटल्यावर इथेच बसेन. तुमच्या डोळ्यांसमोर."

गुरुजींनी किल्ली काढायला पुरती दोन मिनिटं घेतली. मला बाहेर काढलं तेव्हा माझ्या पंख्यात एवढी धूळ होती की मी सुरू होताना पिठाच्या गिरणीसारखा घरघरलो. बाई दचकल्या. पण मी उठलो, मित्रांनो. दोन वर्षांनी मी उठलो.

पहिला दिवस, शुक्रवारचा, दारातच गेला. कॉलेजच्या पानात शिरायला ओटीपी लागे आणि अर्ज समाधानरावांनी भरलेला असल्याने तो त्यांच्या फोनवर जाई. त्यांचा फोन शिफ्टभर कंपनीच्या लॉकरमध्ये. बाईंनी चार वेळा प्रयत्न केला आणि चारही वेळा मुदत संपली. दुसऱ्या दिवशी समाधानरावांना सुट्टी होती. फोनवर त्यांचा आवाज आला, "घे, सहा आकडे सांगतो. आणि आधी तुझा नंबर टाक त्यात. कॉलेज तुझं हाय, माझं नाही." बाई हसल्या आणि नंबर बदलला.

आत गेल्यावर पहिल्या आठवड्याचं काम समोर आलं. माझ्यातला कॅमेरा सुरू करून दोन मिनिटं इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायची आणि आपल्या वर्गाबद्दल सांगायचं. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत. न पाठवल्यास जागा दुसऱ्याला मिळणार. ती ओळख कोर्समधले सगळे सोबती पाहू शकत होते.

बाईंनी आधी इतरांच्या ओळखी पाहिल्या. ताथवड्याच्या एका मोठ्या खासगी शाळेतल्या करिष्मा मॅडम होत्या. त्यांचं इंग्रजी उतारावरून पाणी धावावं तसं होतं. ते पाहून बाईंनी हळूच माझं झाकण मिटलं.

त्या स्वतः मराठी शाळेत शिकलेल्या. व्याकरण पक्कं, वाचन चांगलं, पण मोठ्यांसमोर इंग्रजी बोलायची वेळ कधी आलीच नव्हती. सोमवारी त्यांनी भाषण लिहून काढलं. मंगळवारी पाठ केलं. मग कॅमेरा सुरू केला आणि तिसऱ्याच वाक्याला अडल्या. पुन्हा सुरू, पुन्हा तिथेच. अकरा वेळा मी त्यांचा चेहरा टिपला आणि अकरा वेळा त्यांनी तो पुसायला लावला. माझ्यासारख्या यंत्राला लाज म्हणजे काय ते कळत नाही असं म्हणतात. पण तो चेहरा मला कळत होता.

बुधवारी बोलायचा नाद सोडून त्या पहिल्या धड्याची पानं वाचू लागल्या. चौथ्या पानावर साध्या इंग्रजीत लिहिलं होतं, की नवी भाषा शिकणारं मूल सुरुवातीला आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही गप्प राहू शकतं. याचा अर्थ ते शिकत नाही असा नव्हे. ते ऐकत असतं, साठवत असतं. या काळात त्याला बोलायची सक्ती केली, तर ते आणखी आत जातं.

बाईंनी ते पान तीनदा वर-खाली केलं. मग उठून त्या शेजारच्या रिकाम्या वर्गात गेल्या. मधल्या उघड्या दारातून मला दिसत होतं. दिव्या रोज ज्या जागी उभी राहायची, त्या जागी जाऊन त्या उभ्या राहिल्या. फळ्याकडे पाहत कितीतरी वेळ तशाच. परत आल्या तेव्हा त्यांनी भाषणाचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

गुरुवार उजाडला. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. त्या दिवशी ती सकाळी गेली ती पाच वाजले तरी आली नाही. शाळा सुटली होती. माझ्याजवळ फक्त वीस मिनिटांचं बळ होतं. बाई मला उघडून बसल्या, पण बटणावर बोट ठेवेनात.

तेवढ्यात कुसुमताई आत आल्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, गावातल्याच. किल्ल्या टांगायला आल्या होत्या.

"बाई, अजून न्हाई गेला व्हय?"

"एक काम राहिलंय, ताई. इंग्रजीत बोलायचंय. जमत नाहीये."

"रोज तर बोलता की वर्गात. माज्या चुलीपातूर आवाज येतो."

"ते मुलांसमोर. हे मोठी माणसं बघणार. हसतील."

कुसुमताईंनी किल्ल्या खिळ्याला लावल्या. "मग तुमच्या पोरास्नी कोण बघत असतं, बाई? त्यांस्नी बी तसंच वाटत असंल की." एवढं म्हणून त्या दाराबाहेरच्या पायरीवर टेकल्या. "मी हाय हितंच. बोला तुमी."

बाईंनी फोनचं नेट मला जोडलं आणि कॅमेरा सुरू केला.

या वेळी पाठ केलेलं काहीच नव्हतं. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग त्या म्हणाल्या, की माझ्या वर्गात एक मुलगी आहे, ती बोलत नाही. मी तिला दोन महिने रोज उभं केलं. काल मी चौथं पान वाचलं. इथे त्या अडल्या. शब्द येईना. मी मोजत होतो. सात सेकंद खोलीत काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी मला थांबवलं नाही. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "आय वॉज राँग. आय वाँट टू लर्न, हाऊ टू वेट."

एक-दोन क्रियापदं चुकली होती. त्यांना ती कळली होती, हे मी पाहिलं. पण त्यांनी 'पाठवा' दाबलं. निळी रेघ सरकायला लागली. माझं बळ दहा टक्के, सात, चार. बाई आणि पायरीवरून उठून आलेल्या कुसुमताई दोघी त्या रेघेकडे पाहत होत्या. रेघ टोकाला पोचली, 'मिळालं' असं उमटलं आणि मी विझलो.

शुक्रवारी बाईंनी मला उघडलं तेव्हा नऊ उत्तरं आली होती. पहिलं करिष्मा मॅडमचं, मराठीत. "मॅडम, मी माझी ओळख लॅपटॉपमागे कागद चिकटवून वाचली. तुमच्यासारखं बोलायचं धाडस मला झालं नाही. माझ्याही वर्गात असा एक मुलगा आहे. सोमवारी त्याला कसं वागवायचं ते मला समजलं." बाईंनी ते दोनदा वाचलं आणि गुरुजींना दाखवलं. गुरुजींनी चष्मा लावून वाचलं आणि चष्मा परत खिशात ठेवला. संध्याकाळी मात्र कपाटाला कुलूप घालायचं ते विसरले. पुढे ते रोजच विसरू लागले.

त्याच दिवशी भिंतीपलीकडे बाई म्हणाल्या, "दिव्या, खाली बस बाळा. तू ऐक. बोलावंसं वाटेल तेव्हा बोल. आणि आजवर तुला उभं केलं, ते माझं चुकलं."  बाईंनी मुलांसमोर चूक कबूल केल्याचं मी त्या शाळेत पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या आठवड्याचं काम होतं, मुलांना आधीच ठाऊक असलेल्या शब्दांपासून सुरुवात करा. बाईंनी मुलांना सांगितलं, आईबाबा कामावर जे इंग्रजी शब्द वापरतात ते घेऊन या. मी वर्गात टेबलावर होतो. शब्दांचा नुसता ढीग पडला. गेटपास, पंचिंग, पॅकिंग, बोल्ट, कँटीन, ब्रेकडाऊन, ओव्हरटाइम. ज्यांना इंग्रजी येत नाही असं सगळे म्हणत होते, त्यांच्या घरात ते केव्हाच येऊन बसलं होतं. बाई ते माझ्यावर टाइप करत होत्या. दिव्याने बोलून काही सांगितलं नाही, पण तिच्या वहीत सव्वीस शब्द होते. सगळ्यांत जास्त.

दिवस गेले. घटस्थापना जवळ आली होती, तेव्हाची गोष्ट. बाई हजेरी घेऊन मला उघडत होत्या आणि तिसऱ्या बाकावरून बारीक आवाज आला.

"माय फादर... सेकंड शिफ्ट. टुडे."

बाईंचे हात माझ्या बटणांवर थांबले. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, 'इज' राहिलं."

"राहू दे. येईल मागून," बाई म्हणाल्या. मग दिव्याकडे वळून, नेहमीच्याच आवाजात, जणू काही विशेष घडलंच नाही अशा, "येस, दिव्या. युवर फादर इज ऑन सेकंड शिफ्ट टुडे. सो हू विल टेक यू होम?"

"मदर," दिव्या म्हणाली.

एवढंच. पालकसभेत बोललेल्या त्या गृहस्थांची मुलं परत आली नाहीत. बाईंचा कोर्स अजून अर्धा बाकी आहे. मी म्हातारा होत चाललोय, किती दिवस साथ देईन सांगता येत नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची फार काळजी करू नका. मऊ फडक्याने पुसा, पाण्यापासून लांब ठेवा, तेवढ्यावर आम्ही चालतो. पण उद्या तुमच्या घरात आई, आजोबा किंवा कोणीही मोठं माणूस नव्याने काही शिकायला बसलं, तर त्यांची काळजी घ्या. त्यांना टेबलाचा एक कोपरा मोकळा करून द्या. ते अडखळले तर हसू नका आणि पुढचं वाक्य सांगायची घाईही करू नका. शेजारी बसून राहा. शब्द वाटेत असतो, त्याला पोचू द्या.