वासाची तक्रार

पहिल्या पत्रात कुणाचं नाव नव्हतं. "भारतीय कामगारांच्या अंगाला कुजलेल्या माशासारखा वास येतो. बसमध्ये त्यांच्याशेजारी कुणी बसत नाही. कृपया उपाय करावा."

पत्र स्लोव्हाकियाहून आमच्या विद्यानगरच्या ऑफिसात आलं होतं. आमची कंपनी व्हॉल्व्ह बनवते. तीन वर्षांपूर्वी तिने तिकडची ओतकामाची एक जुनी फाउंड्री विकत घेतली आणि तिथे माणसं मिळेनात म्हणून अळणावरकडची आयटीआय झालेली चार मुलं पाठवली. परदेशी पाठवलेल्या माणसांचं सगळं बघणारा विभाग म्हणजे जयतीर्थ सर आणि त्यांच्या हाताखाली मी. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. प्रयोगशाळेत जागा नव्हती, इथे होती.

"उपाय म्हणजे काय, आंघोळ," सर हसत म्हणाले. "आपल्याला असल्या वासांची सवय असते गं, त्यांना नसते. तू शास्त्र शिकलीस ना? छान नऊ-दहा स्लाइड कर."

मी केल्या. दिवसातून दोनदा आंघोळ. लसूण, हिंग, सुकी मासळी बंद. काखेत दहा मिनिटं लिंबाची फोड चोळावी, आम्लामुळे जिवाणू वाढत नाहीत. नवव्या स्लाइडवर लिहिलं, 'काही शंका असल्यास विचारा. – मधुवंती.' प्रत्येक वाक्य शास्त्राला धरून होतं. मी मात्र त्या चौघांना एकही प्रश्न विचारला नव्हता.

दर गुरुवारी दुपारी चार वाजता व्हिडिओवर वर्ग सुरू झाला. तिकडे तेव्हा जेवणाची सुट्टी असे. चौघं कँटीनमध्ये ओळीने बसायचे, केस चापून विंचरलेले, मांडीवर वह्या. मागे मारेक हा त्यांचा सुपरवायझर रेकॉर्डिंग सुरू करून हाताची घडी घालून बसे. आठवडाभर तक्रार थांबली. सरांनी माझी पाठ थोपटली. मग दुसरं पत्र आलं, आणि तिसरं.

"एकाला परत आणू," सर म्हणाले. "म्हणजे बाकीचे तिघं घासून आंघोळ करतील."

त्यांनी परशुरामला निवडलं, कारण सगळ्यात जास्त वास त्याच्याच अंगाला येतो असं तिसऱ्या पत्रात होतं.

तो आला तोही गुरुवारच होता. पाठीवर सॅक, हातात इस्त्रीचा रुमाल. तो दारात दिसताच सरांनी खिडकी उघडली आणि रूम फ्रेशनर फवारला. "बस बस, तिथेच बस." मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. मला चंदनाच्या साबणाचा आणि खोबरेल तेलाचा वास आला. दुसरा कसलाही नाही.

कॉफी आली. आम्हा दोघांना कपबशीत, परशुरामला कागदी कपात.

सरांनी फॉर्म पुढे सरकवला. परशुरामने बोट ठेवून एकेक इंग्रजी शब्द वाचला.

"सर, घाण राहतो म्हणून लिहिलंय काय हे?"

"तसं नाही रे. वैयक्तिक स्वच्छतेचे निकष पूर्ण केले नाहीत, एवढंच. ही फॉर्मची भाषा असते."

"मी तीनदा आंघोळ करतो, सर. तिकडं नळ गोठतोय, तरी."

"हौद हौद," सरांनी कानडीत होकार भरला. "हो रे. पण सही लागते बघ. नाहीतर तुझं प्रकरण बंद होत नाही."

"नोकरी जाऊ दे सर. हा कागद नको. माझी आई शाळेत स्वयंपाक करते. चंद्रभागाचा पोरगा घाण म्हणून परत पाठवला असं गावात झालं, तर तिच्या हातचं पोरं खातील काय?"

"तू कशाला दाखवतोस गावात?" सर उठले. "वरच्या साहेबांना भेटून येतो. तोवर सही करून ठेव."

सर गेले. मग मी दोन महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं.

"वास रोज येतो?"

"सुट्टीच्या दिवशी नाही, अक्का. रविवारी एकदम साफ. सोमवारी सांजेला परत सुरू."

"आता?"

"काम सोडून नऊ दिवस झाले. आता नाही. तुम्हाला येतोय काय?"

"नाही. आणखी काही होतं तिकडे?"

"काही नाही. सांजेला दिव्यांभोवती कडी दिसतात. निळी. सगळं धुरकट. सकाळी उठलं की गेलेली असतात. चष्मा लागला असणार म्हणालो."

मी पेन खाली ठेवलं. हे मी वाचलं होतं. ओतकामात पोकळी ठेवायला वाळूचे साचे करतात, त्यांना कोर म्हणतात. वाळूतली राळ घट्ट करायला अमाइन नावाच्या द्रव्याची वाफ सोडतात. तिला कुजक्या माशाचा वास असतो. ती गळाली की अंगात जाते, घामातून बाहेर येते, आणि डोळ्यांवर बसली की दिव्यांभोवती निळी कडी दिसतात. लिंबाच्या आम्लाने अमाइनचा वास तात्पुरता दबतो. म्हणूनच आठवडाभर तक्रार थांबली होती.

"तुझं काम कोर-रूममध्ये?"

"तिथंच. वाफेच्या पाइपापाशी."

सॅकमध्ये त्याचं कामाचं जॅकेट होतं, शेवटच्या दिवशी काढलेलं, दोन पिशव्यांत गाठ मारून ठेवलेलं. दाराच्या खुंटीवर मशीन शॉपमधल्या मंजुनाथचा घामट शर्ट लटकत होता. तुलनेसाठी मी दोन्हींच्या बाहीची पट्टी कापली (मंजुनाथला नंतर नवा शर्ट आणून दिला) आणि दोन कागदी कपांत टाकून पाणी ओतलं. एक कप परशुरामच्या कॉफीचा, विसळून घेतलेला. परशुराम तंबाखू खातो. त्याच्या डबीतला चुना मी दोन्हीत सारखाच घातला. अमाइन कापडात दबून असेल, तर चुन्याने सुटतं.

मंजुनाथच्या कपाला घामाचा आणि चुन्याचा वास आला. दुसऱ्या कपातून असा भपकारा आला की मी तोंड फिरवलं.

"कोर-रूम!" परशुराम उठून उभाच राहिला. "अक्का, पाइप लावताना येतो तो हाच!"

हा पक्का पुरावा नव्हता. खूण होती, आणि पुरेशी होती.

सर परतले. "शी! ऑफिसात काय चालवलंय हे?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. माणूस बुद्धीने कमी नाही. मग त्यांनी ड्रॉवरमधून दुसरा फॉर्म काढला.

"उत्तम. मग मेडिकल करू. 'शरीरातून दुर्गंधी येण्याचा विकार, परदेशी कामास अपात्र.' घाण हा शब्दच नको. तुझ्या शास्त्राने सोपं करून टाकलं बघ. खाली तुझी सही, एम.एस्सी. लिहून."

"विकार त्याला नाही, सर. पाइप गळतोय."

"गळती म्हटलं की तपासणी. तपासणी म्हटलं की काम बंद. इथे एका माणसाचा प्रश्न आहे, त्यात फाउंड्री कशाला ओढतेस?"

ते हे अगदी प्रेमाने म्हणाले. माझ्यासमोर मला आवडेल असं काहीतरी ठेवल्यासारखे. खाली ठेवलेलं पेन मी उचललं नाही.

चार वाजले. लॅपटॉपवर वर्ग उघडला. ओळीत तिघं, मागे मारेक. सरांनी मला खुणेनेच सांगितलं, चालव.

मी स्लाइड लावल्या नाहीत. "पांडुरंग," ओळीतल्या पहिल्याला विचारलं, "संध्याकाळी दिव्यांभोवती निळी कडी दिसतात कुणाला?"

 तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, ही नवी चूक कुठली म्हणून. मग पांडुरंगने हात वर केला. त्याच्या पाठोपाठ उरलेल्या दोघांनी.

"काय विचारलं?" मारेकने त्याच्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. मी प्रश्न पुन्हा सांगितला. त्याने चष्मा काढला, काचांकडे पाहिलं, आणि सावकाश स्वतःचा हात वर केला.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "मला वाटलं वय झालं."

तो स्वतःच्या गाडीने येतो. त्याच्याशेजारी बसायचं की नाही हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता.

सरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून मीटिंग बंद केली. "रेकॉर्डिंग काढून टाक. आत्ताच्या आत्ता."

"ते मारेककडे असतं, सर. दर वेळी तोच सुरू करतो."

सर फोन घेऊन बाहेर गेले. काचेपलीकडे ते कुणाशीतरी फार हळू आवाजात बोलत होते. परशुरामने दोन्ही फॉर्म सही न करता त्यांच्या टेबलावर ठेवले, त्यावर पेपरवेट ठेवला आणि चुन्याची डबी खिशात घातली.

लॅपटॉपवर मीटिंगच्या मागे उघडी राहिलेली माझी नववी स्लाइड दिसत होती. त्याने ती वाचली. मग शर्टाची बाही वर करून हात उचलला. काखेतली कातडी सोलून लाल झाली होती, कडेला काळी खपली धरलेली.

"अक्का," तो म्हणाला, "मग हे लिंबू कशाला चोळायला लावलंत?"