चाळीस मिनिटांचा निळा

रंगखात्यातल्या वाफेला दुपारी एक गुंगी असते. टाक्या मंद उकळत असतात, सुताच्या लड्या आत-बाहेर होत असतात, आणि खिडकीजवळच्या स्टुलावर मावशीचा डोळा लागतो. मिटल्या डोळ्यांपुढेही तिला रंगच दिसायचे. आधी मोरपंखी यायचा, मग जांभळा, आणि सगळ्यांच्या तळाशी तो गर्द निळा, ज्याच्यासाठी लांबलांबचे विणकर याच कारखान्याचं सूत मागवायचे. सव्वीस वर्षं मावशी इथे रंग पास करत होती. ती "हं" म्हणाली की लडी वाळत पडायची, मान हलवली की परत टाकीत. तिच्यापुढे मालकांचंही काही चालायचं नाही.

पण गेले तीन आठवडे तिला तो निळा फिका दिसत होता.

तीन आठवड्यांपूर्वीच रंगांचा प्रोग्रॅम क्लाउडवर गेला होता. आधी तो मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा. कुठल्या रंगाला पावडर किती, पाणी किती गरम, सूत किती मिनिटं बुडवायचं, हे तोच सांगायचा आणि वेळ भरली की घंटा वाजवायचा. आता तेच सगळं भिंतीवरच्या चकचकीत टॅबलेटवर दिसायचं. हे काम करायला आलेल्या इंजिनियर मुलीचं नाव सगळ्यांनी ढगवाली ठेवलं होतं. मुलगी मोठी कामसू. वही घेऊन दोन दिवस मावशीच्या मागे फिरली, सकाळी आल्यापासून काय काय करता ते खोदून खोदून विचारलं, दोनशे बारा रंगांचे आकडे तीनतीनदा ताडून पाहिले. एक आकडा इकडचा तिकडे झाला नव्हता. मग निळा फिका होईलच कसा?

"मावशी, आकडे तेच, पावडर तीच, पाणी तेच," मालक म्हणाले. माणूस भला, कुणाला तोडून बोलणारा नव्हे. "मला तर दोन्ही लड्या सारख्याच दिसतायत. एकदा डोळे दाखवून घ्या. आणि एक तारखेपासून बांधणीत बसा. तिथे निवांत आहे."

निवांत! बांधणी म्हणजे पुठ्ठ्याची खोकी आणि चिकटपट्टी, खाकीवर खाकी. घरी लेकीने तर डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळसुद्धा घेऊन टाकली होती. "आई, वय झालं की होतं गं असं." मावशी आरशात स्वतःचे डोळे बघत राहिली. ज्यांच्या भरवशावर सगळा जन्म काढला, त्यांचाच आता भरवसा वाटेना. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही जास्त लाज वाटली.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी तिने ढगवालीला गाठलं.

"मला एकदा जुन्या मशीनवर निळा काढू दे. मग जाते मी मुकाट्याने बांधणीत."

"ते आज भंगारात जायचंय, मावशी. चालू तरी होईल का?"

मावशी तोवर मागच्या खोलीत पोचलीही होती. तिने धूळभरलं कापड काढलं, बटण दाबलं. मशीन खोकल्यासारखं करत जागं झालं. मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, चार बटणं दाबली आणि मग निळ्याचं पान उघडलं.

"आता हे काय केलंत?" दारातून ढगवालीने विचारलं.

"वेळ लावली. रोजच लावते. टाकी चालू असली की याचं घड्याळ रेंगाळतं, संध्याकाळपर्यंत पार मागे पडतं. याला वेळ कुणी विचारतच नाही."

"हे मला सांगितलं नव्हतंत."

"चपला बाहेर काढते, तेही नाही सांगितलं. त्यात काय सांगायचं?"

ढगवालीने वेळ मोजायला फोन काढून हातात धरला. लड्या पाण्यात उतरल्या, पडद्यावर चाळीस मिनिटं लागली, आणि दोघी टाकीपाशी बसून राहिल्या. वाफ वर जात होती, खिडकीतलं ऊन तिच्यात विरघळत होतं. मावशीला वाटलं, आपणही त्या पाण्यात उतरलोय आणि हळूहळू निळ्या होतोय, आधी बोटं, मग मनगटं. किती वेळ गेला ते कळलं नाही. घाईसुद्धा नव्हती.

"मावशी," ढगवालीचा आवाज अगदी हलका आला. "चाळीस झाली."

घंटा वाजली नाही. मागच्या खोलीच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या जुन्या पडद्यावर अजून पाच मिनिटं बाकी होती. ती सरली तेव्हा ढगवालीच्या फोनवर सेहेचाळीस झाली होती.

मावशीने लडी पिळून खिडकीशी धरली आणि "हं" म्हणाली. मग तिला रडू फुटलं. पदराने तोंड झाकून ती मनसोक्त रडली.

"घोळ मीच घातला गं," जरा वेळाने ती म्हणाली. "तू एवढं विचारत होतीस आणि मी सांगितलं नाही."

"आणि मी आकडे मोजले, घड्याळ नाही मोजलं," ढगवाली म्हणाली.

मालक आले. पूर्वीची एक, टॅबलेटवरची एक आणि आत्ताची एक अशा तीन लड्या शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांनाही फरक दिसला, आणि ते ओशाळले. "मग सगळ्या रंगांना सहा मिनिटं वाढवून टाका."

"तसं नाही चालणार," ढगवाली म्हणाली. "प्रत्येक रंगाची वेळ वेगळी, पाण्याचा ताव वेगळा, तसं हे मशीनही वेगवेगळं रेंगाळायचं. एकेक रंग काढून बघावा लागेल. दोनशे अकरा राहिले."

"बघणार कोण?" मालकांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांची मान खाली गेली. मावशीने स्टूल खिडकीजवळ ओढलं.

ढगवालीने टॅबलेटवर चाळीसचे सेहेचाळीस केले. पडदा अडून बसला. बदलाचं कारण लिहिल्याशिवाय तो पुढे जाईना.

"जुनं घड्याळ मागे पडत होतं, असं लिहू?"

"ते खाली लिही," मावशी म्हणाली. "वर लिही, मावशीला फिका दिसला."

ढगवालीने तसंच लिहिलं. टॅबलेटने ते मुकाट्याने मान्य केलं.