सोली भरडाचे हातमोजे

"तिथे नाही," असं म्हणत मंदाकिनीबाईंनी हातातली कात्री पाटावर इतक्या जोरात आपटली की शेजारचा विळा घसरून फरशीवर पडला.

काचेची पेटी दोन्ही हातांत धरून अविनाश वाकला होता, तो तसाच अर्ध्यावर थांबला. खंडेनवमीची पूजा मांडून झाली होती. पाटावर लाल खण, त्यावर शिवणयंत्राच्या सुया आणि बॉबिन, कात्री, नलिनीचं पेपर तपासायचं लाल पेन, अविनाशच्या गाडीची किल्ली, अशी घरातली सगळी हत्यारं. मधोमध मात्र हातभर जागा मोकळी ठेवलेली होती.

"मग कुठे ठेवू? एवढी जागा रिकामीच आहे ने."

"रिकामी नाही ती. यांच्या ग्लव्ह्जची आहे."

"आई, ते ग्लव्ह्ज आता घरात आहेत का?"

"नाहीत. कुणाच्या कृपेने नाहीत?"

अविनाशने पेटी बाजूच्या स्टुलावर ठेवली. हा प्रश्न त्याला नवा नव्हता.

जयवंतराव दिघे ऐन उमेदीत बडोद्याकडून रणजी खेळले, विकेटकीपर म्हणून. पुढे ते नोकरीत मुरले, पण दर खंडेनवमीला त्यांचे कीपिंगचे हातमोजे ट्रंकेतून निघून पाटावर यायचे आणि मंदाकिनीबाई त्यांना हळदकुंकू वाहायच्या. जयवंतराव गेल्यावरही हातमोज्यांचं पाटावर येणं थांबलं नाही. फक्त मंदाकिनीबाईंनी कुंकवाला हात लावणं सोडलं आणि ते काम सुनेकडे, नलिनीकडे आलं. मग घडियाळी पोळेतलं घर विकून वासणा रोडवरच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. सामान हललं तेव्हा मंदाकिनीबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे होत्या. परत येऊन बघतात तो ट्रंक नाही. आतल्या चीजवस्तूंसकट अविनाशने ती भंगारवाल्याला देऊन टाकली होती. चामडं कुजलं होतं, वास मारत होतं, एवढंच त्याचं म्हणणं. तेव्हापासून मंदाकिनीबाई मुलाशी बोलत होत्या, त्याच्या ताटात वाढत होत्या, पण त्यांनी त्याला माफ केलं नव्हतं, आणि केल्याचं सोंगही त्या आणत नव्हत्या.

संताप येण्यासारखी गोष्ट ही की बापाची ट्रंक भंगारात काढणारा हा गृहस्थ जुन्या क्रिकेटच्या वस्तूंचा संग्राहक होता. वाघोडियाच्या एका कारखान्यात तो खरेदीचं काम बघायचा. तिथे बोल्टामागे चार आणे सुटावेत म्हणून दिवसभर घासाघीस करणारा अविनाश घरी आला की परक्या माणसांच्या घामाने पिवळ्या पडलेल्या टोप्यांना लाखलाख रुपये मोजायचा. फ्लॅटमधली तिसरी खोली सह्या केलेल्या बॅटी, चेंडू आणि ब्लेझर यांना दिलेली होती. तिथे उन्हाळाभर एसी चालायचा, कारण बॅटींना दमट हवा सोसत नाही. मंदाकिनीबाईंचं शिवणयंत्र गॅलरीत होतं आणि त्यांची कॉट हॉलमध्ये, पंख्याखाली.

"तू बघ तरी एकदा," अविनाश समजुतीच्या सुरात म्हणाला. "आजच्या मुहूर्तासाठी मुद्दाम राखून ठेवले होते. सोली भरडाचे ग्लव्ह्ज. टेस्ट मॅचमध्ये कीपिंग करताना घातलेले. तू पूजा कर, पण लांबूनच ओवाळ. हळदकुंकू नाही लावायचं हं. साडेसहा लाखांची वस्तू आहे."

नलिनी नारळ घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिचा हात तसाच राहिला.

"साडेसहा? मला तर तुम्ही दीड सांगितलं होतं."

"दीड ॲडव्हान्स होता."

"आणि ओट्याच्या फरशीला पैसे नाहीत म्हणालात. दोन वर्षं फुटक्या ओट्यावर पोळ्या लाटतेय मी."

"सणाच्या दिवशी खोटी कटकट नको, नलू. ओटा काय वाढत जातो का किमतीत? हे वाढतं. अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्यांचे फोटो छापलेली कार्डं असतात, पत्त्याएवढी. त्यातल्या एकेका कार्डाला लोक कोटींनी मोजतात."

"त्या कार्डांनी खेळता येतं?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग करतात काय त्यांचं?"

"ठेवतात, आई. जपून ठेवतात."

"अस्सं. म्हणजे जपून ठेवता येतं तर." मंदाकिनीबाईंनी पडलेला विळा उचलून पुन्हा पाटावर ठेवला. "दुसऱ्याचं असलं की बरोबर जमतं."

अविनाशच्या कपाळावर आठी उमटली, पण त्याला पेटी दाखवायचा मोह आवरेना. त्याने तिच्यातला छोटा दिवा लावला. पिवळसर उजेडात दोन हातमोजे उताणे पडलेले दिसले. चामडं तुकतुकीत केलेलं, तळव्याचं रबर काळं पडलेलं, आणि एकाच्या पाठीवर जाड निळ्या शाईत लफ्फेदार सही.

"आणि हा डाग बघ. पट्टीवर, मनगटापाशी." तो गुडघ्यांवर बसला. त्याचा आवाज देवळात बोलल्यासारखा खाली आला. "रक्त आहे ते. भरडाची करंगळी फाटली होती, तरी त्याने दिवसभर मैदान सोडलं नाही. ज्याच्याकडून घेतले तो भावेशभाई म्हणाला, डाग नसता तर चारातच दिले असते. वरचे अडीच या डागाचे."

नलिनीने नारळ जमिनीवर ठेवला, जरा जोरातच.

मंदाकिनीबाईंना बघायचं नव्हतं. हा कोण भरडा, त्याच्या रक्ताला अडीच लाख आणि दिवा, आणि ज्या माणसाने वाकड्या बोटांनी आयुष्यभर घास खाल्ला त्याचे हातमोजे किलोच्या भावाने! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन शब्द सुनवावेत म्हणून त्या पुढे झाल्या आणि नाइलाजाने त्यांची नजर काचेआड गेली. मग त्या खाली वाकल्या. चष्मा कपाळावर सारून पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"करंगळी कुठल्या हाताची फाटली?"

"डाव्या."

"मग उजव्या पट्टीवरही डाग कसा? तोही त्याच जागी?"

अविनाशने बघितलं. डाग दोन्हीकडे होता, रुपयाएवढा, पट्टीच्या बरोबर मध्यावर.

"पुसलं असेल एका हाताने दुसऱ्याला."

"पेटी उघड."

"आई, हवा लागता कामा नये. भावेशभाईने—"

"उघड म्हणते ना."

"किल्ली आतल्या खोलीत आहे. नंतर बघू. आधी पूजा उरक, मला ऑफिसच्या पूजेला जायचंय."

नलिनी आत गेली. तिसऱ्या खोलीतला खण उघडल्याचा आवाज आला. तिने किल्ली आणून नवऱ्याच्या हातात नाही, सासूच्या हातात दिली. अविनाश "अगं, अगं" म्हणेपर्यंत मंदाकिनीबाईंनी झाकण वर केलं होतं आणि उजव्या हातमोज्यात आपला हात घातला होता.

त्यांची बोटं आत सावकाश सरकली. करंगळीपाशी येऊन थांबली.

त्यांनी दुसऱ्या हाताच्या चिमटीने आतलं अस्तर ओढून थोडं बाहेर काढलं. अस्तराला करंगळीच्या जागी कापूस भरलेली एक घडी शिवलेली होती, आणि ती घडी इरकली लुगड्याच्या काठाची होती. हिरवा काठ, त्यात तांबडी रेघ, बारीक उलटी टीप. मळला होता, विरला होता, पण काठ होता.

"माझ्या लुगड्याचा आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "यांची करंगळी मोडून वाकडीच राहिली होती. चेंडू बसला की कळ डोक्यात जायची. म्हणून मी गादी शिवून दिली होती आतून. आणि हे रक्त, अविनाश, हे कुंकू आहे. तेलात कालवून लावायचे मी, चामड्यावर कोरडं ठरत नाही म्हणून. दर वर्षी एकाच जागी. नंतर हिने लावलं."

नलिनी हळूच जवळ आली आणि पट्टीकडे बघत राहिली. "हो," ती म्हणाली. "मीच लावलंय."

बाहेर सोसायटीच्या चौकात कुणीतरी रात्रीच्या गरब्यासाठी माइक तपासत होतं. अविनाशच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. मंदाकिनीबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्या क्षणी त्याच्या तोंडून "बाबांचे?" एवढं एकच निघालं असतं, तर तीन वर्षांचा राग कदाचित त्यांनी तिथल्या तिथे टाकून दिला असता. त्या वाट बघत होत्या.

"म्हणजे हे खोटे आहेत," अविनाश म्हणाला.

"काय म्हणालास?"

"खोटे आहेत. भरडाचे नाहीतच. सहीसुद्धा त्या भावेशनेच ठोकलेली. मला चक्क फसवलं त्याने!"

"तुझ्या बापाचे आहेत हे, आणि तू खोटे म्हणतोस?" मंदाकिनीबाईंचा आवाज चिरकला. "तू दिलेस भंगारवाल्याला, त्याने विकले शुक्रवारच्या जुन्या बाजारात, तिथून त्या भामट्याने उचलले. आणि तू ते साडेसहा लाख देऊन घरी आणलेस! घरात होते तेव्हा कधी हातात धरून बघितलेस? बघितले असतेस तर ओळखले नसतेस? हिला ओळखता आले, सुनेला. तुला नाही!"

"आई, ओरडू नकोस. मला विचार करू दे." तो उभा राहून खिशात फोन चाचपू लागला. "आठवड्याच्या आत परत घ्यायचं त्याने कबूल केलंय. वस्तू जशीच्या तशी असली पाहिजे, बस. ते अस्तर आत ढकल आधी. नीट ढकल."

"परत?"

"परतच. नाही तर काय करू यांचं?"

"पाटावर ठेव. जागा आहे."

"आई, साडेसहा लाख आहेत!" तो पहिल्यांदाच ओरडला. "बडोद्याच्या कुणा रणजी कीपरच्या ग्लव्ह्जना कोण विचारतं? पाचशे रुपये कुणी देणार नाही. तुला पूजेलाच हवेत ने? मी तुला नवे आणून देतो, कोरे, उद्याच."

बोलून झाल्यावर त्यालाही ते बरं वाटलं नसावं, कारण त्याने आईकडे न बघता नंबर लावला आणि तो गॅलरीत गेला. शिवणयंत्राला टेकून, पाठ वळवून बोलू लागला. कारखान्यात पुरवठादारांशी बोलताना लागायचा तोच सूर त्याला आता लागला होता, खालचा आणि ठाम.

मंदाकिनीबाईंनी डावा हातमोजाही पेटीतून काढला. दोन्ही पाटावरच्या मोकळ्या जागेत ठेवले, पट्ट्या वर करून. जागा बरोबर भरली. त्या खाली बसल्या.

नलिनीने निरांजन लावलं आणि नेहमीप्रमाणे तेलात कालवलेल्या कुंकवाची वाटी उचलली. मग ती थांबली. गॅलरीतून आवाज येत होता.

"भावेशभाई, माल एमनो एम छे. जसा तुम्ही दिला तसा. हाथ पण नथी लगाड्यो कोईए, कुणी शिवलंसुद्धा नाही."

नलिनीने गॅलरीकडे बघितलं, मग सासूकडे. ओठ घट्ट मिटून तिने बोट वाटीत बुडवलं.

"थांब," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "दे ती वाटी इकडे."

"आई, तुम्ही लावणार?"

"मीच लावणार. उद्या तुला बोल नको, आणि माझं कुणी काही वाकडं करत नाही."

जयवंतराव गेल्यापासून त्यांच्या बोटाला कुंकू लागलं नव्हतं. त्यांनी आधी हळद घेतली, दोन्ही पट्ट्यांवर चिमूट चिमूट. मग अनामिका वाटीत पार पेरापर्यंत बुडवली आणि जुन्या डागावर दाबून धरली, उजव्या हातमोज्यावर, मग डाव्या. तेल चामड्यात मुरताना दिसत होतं. एवढ्यावर त्यांचं भागलं नाही. पुन्हा बोट बुडवून त्यांनी ती निळी सही या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून काढली, आणि वर फूल ठेवलं.

अविनाश फोन कानाला लावूनच आत आला. "घेतोय परत," तो नलिनीला म्हणाला. चेहरा जरा सैल झाला होता. "माणूस पाठवतोय संध्याकाळी. फक्त पेटीसकट आणि—"

त्याचं लक्ष पाटाकडे गेलं. फोनमधून बारीक आवाज येत राहिला, "हॅलो? अविनाशभाई? हॅलो?"

मंदाकिनीबाईंनी तांबडं झालेलं बोट पदराला पुसलं.

"तो फोन ठेव खाली," त्या म्हणाल्या, "आणि नमस्कार कर."