नवरदेवाची कट्यार आणि तिसरी दुरुस्ती

नाक्यावरच्या साहेबांनी वीत लावली आणि मनोहर बोरकुटेच्या हातातली कट्यार चार बोटं आखूड झाली. आवाज झाला नाही, ठिणगी उडाली नाही. त्या राज्यात सरकारी माणसानं मोजलेली वस्तू मापाएवढी होते, एवढंच. वऱ्हाडाच्या बसमधल्या बायकांनी खिडकीतून बघितलं, "झालं वाटते," म्हणाल्या आणि चिवड्याचा डबा पुढे सरकवला.

मनोहर बसच्या पायरीशी उभा होता. अंगाला हळद, हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू. कट्यार गावाची होती. गावातल्या प्रत्येक नवरदेवाच्या हातात तीच असायची आणि तिची धार कुणी कधी पाहिली नव्हती. लिंबू टोचायलासुद्धा आधी खिळ्यानं भोक पाडावं लागलं होतं. पण हळद लागली की नवरदेवाच्या हातात लोखंड येतं आणि शेवटची अक्षता पडेपर्यंत ते सुटायचं नाही. जेवताना नाही, झोपताना नाही, आणखी कुठं बसतानाही नाही. होणारे सासरे देवाजी भोयर यांनी निघताना फोनवर बजावलंच होतं.

"आमच्या थोरलीच्या वेळी पहिल्या नवरदेवाच्या हातून सुटली जी. शिंक आली म्हने. मांडवातूनच परत धाडला. मानूस चांगला होता."

मनोहरनं चाळिशी ओलांडली होती. त्याच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या. एक नोकरी नव्हती म्हणून, दुसरी नोकरी लागली ती कळल्यावर. तिसरी मोडली तर चौथी बघायला आपण उरत नाही, असं वामनमामा चारचौघांत सांगत. शिवाय या खेपेला मुलगी मनोहरला मनापासून आवडली होती. बघायच्या कार्यक्रमात कुंदानं पोह्यांचा पहिला घास खाल्ला आणि "मीठ विसरले, खाऊ नका," असं सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. तेव्हापासून तो तिच्यासाठी काहीही करायला तयार होता. काय करावं लागेल, एवढंच माहीत नव्हतं.

वामनमामांनी उभी हयात कोर्टात टायपिंग केलं होतं, त्यामुळे कायदा आपल्या बोटांत आहे अशी त्यांची समजूत होती. ते गप्प बसले असते तर वऱ्हाड तिथूनच सुटलं असतं.

"साहेब, एक इचारू?" मामा म्हणाले. "कायद्यात म्हनते का पातं एका वितीच्या आत पाह्यजे. पन वीत कोनाची?"

साहेबांनी आपल्या पंजाकडे बघितलं. उलटा करून बघितला.

"चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. "वर कळवतो."

"मामा, काहून?" मनोहर म्हणाला.

"तू चूप राय. नवरदेवानं बोलू नाही."

बस निघाली. पुढच्या वळणावर मागच्या टेम्पोतल्या बँडनं चालू गाणं मध्येच सोडलं आणि कायद्याची पहिली दुरुस्ती वाजवायला घेतली. बँड गावचाच होता, पण हद्दीच्या आत आलं की दुरुस्त्या येतील तशा वाजवाव्या लागतात. नुसत्या ऐकणाऱ्याला त्या कळत नाहीत, नाचणाऱ्याला कळतात. बस थांबली, लहानथोर खाली उतरले, रस्त्यात धूळ उडेपर्यंत नाचले आणि परत चढले तेव्हा सगळ्यांना दुरुस्ती पाठ होती.

"वीत ड्युटीवरच्या साहेबाचीच धरायची," शांताआत्या धापा टाकत म्हणाली. "आन दर दुरुस्तीले ते लहान होईन."

"परंतुक बी होतं, वीत नाही पुरली त बोट लावाचं," ड्रायव्हर म्हणाला. "गिरकी घेतली ना आपन, तेच परंतुक."

मनोहर तेवढा नाचला नव्हता. कट्यार हातात घेऊन उड्या मारणं बरं दिसत नाही. त्यामुळे कायदा अख्ख्या बसमध्ये फक्त त्यालाच समजला नव्हता आणि लागू फक्त त्यालाच होता. दोघातिघांनी समजावून द्यायचा प्रयत्न केला, पण प्रत्येकजण आपापल्या पावलाचं सांगत होता.

मग नाका आला. तोच नाका. तीच खुर्ची, तोच अर्धा प्यालेला चहा, तेच साहेब. फक्त त्यांच्या शर्टाची बाही लोंबत होती आणि तिच्यातून पाच-सहा वर्षांच्या पोराचा हात बाहेर आला होता. नखं स्वच्छ कापलेली होती. साहेबांनी वीत लावायला घेतली, पुरली नाही म्हणून थबकले, आणि मग एकच बोट लावलं.

"परंतुक," ड्रायव्हर कुजबुजला.

कट्यार बोटाएवढी झाली. लिंबू कायद्यात नव्हतं, म्हणून लिंबू तेवढंच राहिलं. पातं त्यात पूर्ण बुडालं आणि वर नुसती मूठ राहिली, मनोहरच्या दोन नखांत मावेल एवढी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस लिंबू विकायला निघाला आहे.

"आता नियमात आहे," साहेब म्हणाले. "जा."

कुणीतरी मामांच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता.

"आता सांगा साहेब," मामा हसून म्हणाले, "येवढ्याशा कट्यारीनं कोनाले काय होते? कट्यारीत काही रायलंच नाही. हात मोठा असला तरच भेव."

साहेबांनी मनोहरकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. आतापर्यंत त्यांनी ते एकदाही केलं नव्हतं.

"म्हणजे भानगड माणसाची आहे."

"तसं नाही म्हटलं मी."

"पण तसंच आहे," साहेब म्हणाले. "वर कळवतो."

बसमध्ये चिवडा खायचं थांबलं. देवाजींचा फोन आला. गोरज मुहूर्त होता, ऊन उतरायला लागलं होतं आणि नाक्यामागून नाके येत असल्यानं गाव काही येत नव्हतं.

"कट्यार?" देवाजींनी विचारलं.

"हातात आहे."

"दिसते का?"

"मले दिसते," मनोहर म्हणाला.

दुसरी दुरुस्ती बँडनं वाजवली तेव्हा बस चालू होती, त्यामुळे ती कुणालाच कळली नाही आणि रद्द झाली. तिसरी मात्र संथ लयीत आली. सगळे उतरले. या वेळी कुणी शिट्टी मारली नाही. हात वर न करता, जागच्या जागी, पायाकडे बघत सगळे नाचले. परत चढताना शांताआत्यानं मनोहरकडे न बघता पदर तोंडाला लावला.

"काय आहे दुरुस्ती?" मनोहरनं विचारलं.

"चांगली आहे," मामा म्हणाले. "सुटसुटीत आहे."

तिसरा नाका मांडवाच्या दारातच होता. आत दिवे लागले होते, सनई चालू होती, आणि मांडवाच्या खांबाला टेकून देवाजी भोयर चष्म्यावरून बघत उभे होते. साहेबांचा हात आता बाहुलीच्या हाताएवढा होता. तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरून पुढे केला.

"बाळगणारा इसम बाळगलेल्या वस्तूपेक्षा मोठा नसावा," ते म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता. "अहो, सोडून द्या. खाली ठेवली की तुम्ही बाळगणारे राहत नाही. आहे त्या उंचीनं आत जा, जेवा, घरी जा."

"मन्या," मामा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्याजवळ प्रश्न नव्हता. "चौथी पाहू लेका. म्या जगतो. तुह्या गळ्याची आन, जगतो."

मनोहरनं मांडवात बघितलं. बोहल्यावर कुंदा पाठमोरी बसली होती. कुणीतरी तिच्या कानाशी काही बोलत होतं आणि ती मान हलवत होती, नाही, नाही.

"मोजा," मनोहर म्हणाला.

साहेबांनी त्याच्या टाचेशी बोट टेकवलं.

मामांनी लिंबू तळहातावर घेतलं आणि मांडवात शिरले. लिंबातून कट्यारीची मूठ वर आली होती आणि मुठीला दोन्ही हातांनी कवटाळून मनोहर सालीवर उभा होता. साल निसरडी होती. देवाजींनी वाकून, चष्मा पुसून बघितलं.

"धरली आहे घट्ट," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पोरगा चांगला आहे."

मामांनी लिंबू पाटावर ठेवलं. त्याच्यासमोर आंतरपाट धरला गेला; त्याचं वरचं टोक मनोहरला दिसेना.

"आले का?" पलीकडून कुंदाचा आवाज आला.

"आले," मामा म्हणाले.

"दिसत नाहीत."

"खाली आहेत, सूनबाई. लिंबावर."



"हातातून सुटली नाही ना?"

"नाही न."

"मग ठीक आहे," कुंदा म्हणाली. "भटजी, जरा लवकर आटपा."

भटजींनी सूर लावला. रांगारांगांतून ताटं फिरत होती आणि जो तो मूठ भरून घेत होता. तांदूळ नवा होता, लांब दाण्याचा. अक्षतांना तुटका दाणा चालत नाही म्हणून भोयरांच्या घरच्या बायकांनी दुपारभर बसून एकेक अख्खा निवडला होता. एका ताटातून एक दाणा निसटला आणि लिंबाशेजारी पाटावर पडला. तो मनोहरच्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताएवढा होता, कुंकवानं लाल, आणि दोन्हीकडून टोकदार. दारातून साहेबांनीही तो बघितला. तांदळाबद्दल कायद्यात काही नव्हतं.

पहिल्या मंगलाष्टकाची शेवटची ओळ भटजींनी लांबवली. मनोहरनं मुठीला आणखी घट्ट मिठी मारली आणि डोकं खाली घातलं. मांडवभर हात वर गेले.