प्रोजेक्टला दिलेलं दुकान

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. धाकट्या भावाच्या बायकोने चाळिशी उलटल्यावर कम्युनिटी कॉलेजात बिझनेस आणि अकाउंटिंगला नाव नोंदवलं, तेव्हा मी काय काय बोलले असेन ते तुम्हीच समजा. मुलगी बारावीत आणि आई फर्स्ट इयरला, दोघींत एकच दप्तर घ्या म्हटलं. ती नुसती हसली. दिवसभर दवाखान्याच्या काउंटरवर बसायची आणि तिथूनच परस्पर बसने कॉलेज गाठायची. डेबिट कुठल्या बाजूला आणि क्रेडिट कुठल्या, हे तिने भाजी निवडता निवडता पाठ केलं. मला तर ऐकूनच झोप यायची.

आमचं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. पँट आखूड करा, शर्ट उसवून सैल करा, चेन बदला. पुढे गिऱ्हाइकांशी डोकं लावते मी, मागच्या मशीनवर आई. बरकत इतकी की बाजारपेठेत दुसरं दुकान घ्यायचं मी ठरवूनच टाकलं होतं. सोमवारी जागामालकाला डिपॉझिट द्यायचं, आणि त्यात माझी आजवरची सगळी शिल्लक जाणार होती.

नेमकं तेव्हाच भावजयीला प्रोजेक्ट मिळालं. एखादा खरा धंदा घ्यायचा, त्याचा हिशेब मांडायचा आणि तो वाढवावा की नाही ते वर्गासमोर सांगायचं. तिने आमचं दुकान मागितलं. मी म्हटलं, घे की, जरा चार लोकांना कळू दे. बिलांची पिशवीच तिच्या हातात दिली.

शनिवारी सरांनी धंदेवाल्यांनाही बोलावलं होतं. मी ठेवणीतले कपडे घालून मागच्या बाकावर जाऊन बसले. अर्धा वर्ग तिच्या मुलीच्या वयाचा. तिचं फळ्यावरचं अक्षर बघावं तर छापल्यासारखं. वर आमची कमाई लिहिली, तेव्हा पोरं माना वळवून माझ्याकडे बघायला लागली आणि मी फुलून गेले. मग खर्च. भाडं, वीज, दोरा, बटणं. आणि त्याखाली तिने लिहिलं, मागच्या मशीनवरच्या कारागिराचा पगार.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथेच उभी राहिले. आमच्याकडे कारागीर कुठला, आई आहे, आणि आईला कसला आलाय पगार, असं भर वर्गात विचारलं. मला वाटलं, आता ही गडबडणार आणि ती ओळ पुसून टाकणार. तिने मार्करला टोपण लावलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"ताई, दुसऱ्या दुकानात बसायला दुसऱ्या आई कुठून आणायच्या?"

कुणी हसलं नाही. पगार वजा केल्यावर आमचा नफा चहापाण्यापुरता उरत होता. दुकान वाढवू नये, असं तिने सरांना सांगितलं, आणि आवाज एकदाही चढवला नाही. या बाईला माझ्याच घरात राहायचंय, माझं तोंड ती रोज ऐकते. एक ओळ गाळली असती तरी तिला मार्क मिळाले असते आणि मी वर्गाला चहा पाजला असता. तिची हिंमत मला आता कळते. तेव्हा मी तणतणत बाहेर पडले.

तडक दुकानात आले आणि आईपुढे सगळं ओकले. तुझ्या सुनेने चारचौघांत आपली शोभा केली, तुला पगारी नोकर ठरवलं, असं बरंच काही. आईने मशीन थांबवलं.

"किती लावला?"

मी आकडा सांगितला. तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा एकदा आकडा विचारला. मग म्हणाली, "कमी लावलाय. चेन बसवायचे वेगळे घेतात."

एवढं बोलून तिने पुन्हा मशीन सुरू केलं. मी स्टुलावर बसले ती बसलेच. दुसरं दुकान घेऊ का, हे मी भावाला विचारलं होतं, शेजारच्या चांभाराला विचारलं होतं, आईला विचारलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तिथूनच जागामालकाला फोन करून नको म्हणून कळवलं.

घरी गेले तर भाऊ मला बघून आतल्या खोलीत सटकला. भावजय कागद पसरून टेबलापाशी बसली होती. आता माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होणार, अशा तयारीने तिने पेन खाली ठेवलं.

आई म्हणते पगार कमी लावलास, एवढंच मी सांगितलं.

"वाढवते," ती म्हणाली. "पण मग तुमचाही लावायला हवा."

मी मालकीण, मला कसला पगार, असं मी म्हणून बसले.

"तुम्हीही दिवसभर राबताच ना, ताई. तो आकडा मी काढला होता, पण फळ्यावर लिहिला नाही. दुकान सरळ तोट्यात दिसलं असतं, आणि समोर तुम्ही बसला होतात."